अंदाजे वय

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, अगदी तळाशी, नाव बदलल्याच्या आणि कागदपत्रं हरवल्याच्या जाहिरातींना लागून एक छोटी चौकट असते. अनोळखी पुरुष, अंदाजे वय ३५ ते ४०, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात निळा शर्ट, ओळखत असल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. चहाबरोबर माझं वाचन तिथून सुरू होतं. घरातल्यांना हे अशुभ वाटतं. रहस्यकथांवर पोसलेल्या माणसाची ही खोड आहे आणि ती आता जायची नाही.

आमच्या पिढीपर्यंत रहस्यकथा म्हणजे बाबुराव अर्नाळकर आणि दिवाळीत ‘धनंजय’चा अंक. झुंजार असो की काळा पहाड, त्या जगात मेलेला माणूस कोण हे पहिल्या दोन पानांतच कळलेलं असे. सावकार, वकील, बड्या घरची पुतणी. प्रश्न मारेकऱ्याचा असे, आणि मढ्याचं काम मरून पडण्यापुरतं. पुढे केव्हातरी कॅथी राइक्स हाती आली आणि खेळच उलटा झाला. तिची टेम्परन्स ब्रेनन १९९७ साली ‘देजा डेड’मध्ये अवतरली, तिच्यापासून स्फुरलेली ‘बोन्स’ ही मालिका २००५ ते २०१७ अशी बारा वर्षं चालली. लेखिका स्वतः क्यूबेकच्या प्रयोगशाळेत हाडं तपासणारी मानवशास्त्रज्ञ. त्याही आधी, १९८२पासून, अ‍ॅरन एल्किन्सचा गिडियन ऑलिव्हर हेच काम करत होता. या कथांत मारेकरी नंतर येतो. आधी विचारायचं असतं, मेलं कोण? मला हा क्रम जास्त माणुसकीचा वाटतो.

आणि त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची रीत तर विलक्षण सुंदर आहे. गळ्याखालचं आडवं हाड, ज्याला आपण कॉलर बोन म्हणतो, त्याचं छातीकडचं टोक शरीरात सगळ्यात शेवटी जुळतं, विशीच्या उत्तरार्धात किंवा तिशीच्या उंबरठ्यावर. मिसरूड फुटून, लग्न होऊन, कदाचित एक मूलही होऊन गेलेलं असतं, तरी ते टोक अजून कच्चं असतं. बाई की बुवा, हे कमरेचा हाडांचा पिंजरा सांगतो. बाळंतपणासाठी निसर्गानं तिथे जागा मोठी ठेवलेली असते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढतात. जळलेलं हाड आधी तपकिरी, मग काळं, राखाडी आणि शेवटी खडूसारखं पांढरं होत जातं. आगीची धग किती होती ते त्या रंगात उतरतं. मांस असताना जळलेल्या हाडाला वळणदार आडव्या भेगा पडतात, आधीच सुकलेल्या हाडाच्या भेगा वेगळ्या. म्हणजे माणूस जाळला की नुसतीच हाडं जाळली, हेही बऱ्याचदा कळतं.

पण टीव्हीवर जी बाई हाडाकडे एक नजर टाकून ‘वय अठ्ठावीस’ म्हणते, तिच्यावर माझा विश्वास नाही. खरा जाणकार अंतर देतो, आकडा देत नाही. उंचीचंच बघा. मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर यांनी १९५२ साली दिलेली सूत्रं जगभर वापरली गेली. त्यांचा मुख्य आधार होता दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची हाडं. तो धिप्पाड शिपाई आणि मिठागरात उमेदवारी केलेला आमच्याकडचा आगरी माणूस यांच्या मांडीचा आणि उंचीचा हिशेब एकच कसा असेल? म्हणून आपल्या लोकांसाठी वेगळी सूत्रं करावी लागली, आणि तीही प्रांतागणिक बदलतात. चौकटीतला ‘अंदाजे’ हा शब्द मला कधी कामचुकार वाटला नाही. अख्ख्या मजकुरात तोच सर्वांत प्रामाणिक असतो.

मराठीत हाडं वाचणाऱ्यांची परंपरा नाही असं कुणी समजू नये. ‘युगान्त’च्या इरावती कर्वे आपल्याला महाभारताच्या वाटेनं माहीत आहेत, पण १९२०च्या दशकाअखेरीस त्या बर्लिनमध्ये माणसांच्या कवट्या मोजत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा वंशश्रेष्ठत्वावर विश्वास होता, आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांत तसा संबंध निघाला नाही. तो निघाला नाही, असंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. परदेशी, तरुण विद्यार्थिनी आणि समोर असा गुरू! माझ्या लेखी हे धाडस कुठल्याही काल्पनिक ब्रेननबाईपेक्षा मोठं आहे. पुढे त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. त्याच संस्थेनं नंतर घोड नदीकाठचं इनामगाव खणलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलं सापडली, दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून आत ठेवलेली. त्यांच्या दातांवरून अभ्यासकांनी त्या मुलांची आजारपणं आणि उपासमार ताडली. मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं तोडलेली होती. का, ते हाडांना विचारून कळत नाही. ती परत येऊ नयेत म्हणून असेल, असा तर्क आहे.

‘हाडं बोलतात’ हे वाक्य गुन्हेकथांच्या वेष्टनावर इतकं छापून झालंय की खरं वाटायला लागतं. हाडं बोलत नाहीत. कुणी विचारलं तर उत्तर देतात, आणि कुणी विचारायचं ठरवलं नाही तर मातीत पडून राहतात. याचा दाखला शोधायला मला बर्लिनला किंवा क्यूबेकला जायला नको. आमच्या गावाहून, जासईहून निघून पेण गाठावं, तालुक्यातलं गागोदं विचारावं. विनोबांचा जन्म तिथला, १८९५चा. शेजारच्या गागोदे खुर्दच्या रानात २३ मे २०१२ला जळालेले मानवी अवशेष सापडले. पोलीस आले, पंचनामा झाला, डॉक्टरांनी नमुने काढले, ते मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले आणि उरलेले अवशेष तिथेच पुरले गेले. अकस्मात मृत्यूची नोंद मात्र झाली नाही. तीन वर्षं त्या हाडांना कुणी काही विचारलं नाही. ऑगस्ट २०१५मध्ये मुंबई पोलिसांना भलत्याच अटकेतून धागा लागला, त्याच जागी पुन्हा खणण्यात आलं आणि गागोद्याचं नाव देशभर झालं. तेच शीना बोरा प्रकरण. हाडं नायर रुग्णालयात तपासली गेली. डीएनए जुळल्याचा अहवाल कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेनं दिला. बचाव पक्षाला तो मान्य नाही, आणि गुन्हा कुणाचा हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, माझं नाही. माझं लक्ष त्या मधल्या तीन वर्षांवर खिळतं. त्यावरचा शेवट एखाद्या कादंबरीकाराला सुचला नसता: जून २०२४मध्ये सरकारी पक्षानं न्यायालयात सांगितलं की २०१२ साली गोळा केलेली ती हाडं सापडत नाहीत. पुढच्या महिन्यात ती दिल्लीला, तपास करणाऱ्या सीबीआयच्याच कार्यालयात असल्याचं सांगण्यात आलं.

ब्रेननबाईच्या कथेत असलं काही घडत नाही. तिथे कथा प्रयोगशाळेच्या टेबलापासून सुरू होते. आपल्याकडे ती त्या टेबलापर्यंत पोहोचेल का, हाच रहस्याचा खरा गाभा आहे, आणि ते ठरवतं कोण? पहिल्यांदा बघणारा गुराखी, त्यानं बोलावलेला पोलीस पाटील, ठाण्यात नोंद घेणारा हवालदार. अकस्मात मृत्यूच्या नोंदीचं कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १७४, नव्या संहितेत १९४. त्याखाली चार ओळी लिहिल्या की हाडांना नंबर मिळतो. नंबर मिळाला की ती बेपत्तांच्या यादीशी ताडता येतात.

आमच्या जासईला मरणाचं दुसरं टोकही ठाऊक आहे. जानेवारी १९८४मध्ये जमिनीच्या भावासाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर इथे आणि पुढे न्हावा-शेव्याकडे गोळीबार झाला. त्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं गाव हे. त्या पाच हुतात्म्यांची नावं, गावं, घरं, वारस सगळं इथल्या पोरालाही पाठ असतं, आणि दर १६ जानेवारीला ती मोठ्यानं घेतली जातात. त्याच जमिनीवरून आज कंटेनर धावतात. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ला सुरू झालं. अलीकडे अटल सेतू शेजारच्या चिर्ल्याला येऊन टेकला. यार्डात, ट्रेलरच्या केबिनमध्ये, बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसाचं पुरं नाव मुकादमालाही माहीत असतंच असं नाही. तो खाडीत सापडला तर? चिंबोऱ्या आणि भरती-ओहोटी चेहऱ्याला फार दिवस टिकू देत नाहीत. जिवंतपणी पाण्यात पडला असेल तर बुडताना घेतलेल्या पाण्याबरोबर डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल, काचेसारख्या कवचाचं, रक्तातून मांडीच्या हाडाच्या मगजापर्यंत जातं. ते खाडीतल्या डायटमशी जुळलं तर तो बुडून मेला याला बळ मिळतं. या चाचणीवर तज्ज्ञांत वाद आहेत. पण एवढं सगळं झालं तरी शेवटी चौकट मराठीत छापली जाणार, आणि त्याची बायको छपऱ्याला नाहीतर कोरापुट जिल्ह्यात फोनची वाट बघत असणार. तिच्यापर्यंत रायगडचं वर्तमानपत्र पोहोचत नाही.

तेव्हा वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. घरचा माणूस परतला नाही तर चोवीस तास थांबायचा नियम कुठेही नाही. लगेच बेपत्ता नोंद करा, जुनं फ्रॅक्चर, दातांची कामं, एक्स-रे यांची माहिती द्या. भाडेकरूच्या, कामगाराच्या गावचा एक तरी नंबर लिहून ठेवा. आणि रानात, खारफुटीत काही दिसलं तर हात लावू नका, गोळा करू नका. ११२ला कळवा, पंचनामा होऊ द्या, मग ठाण्यात जाऊन अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक विचारा. तो विचारायला मेलेल्याचं नातेवाईक असावं लागत नाही.