पाचोळ्यातली शीळ



मोर, पोपट, खंड्या कुणीही ओळखेल. आज लिहिते आहे ते एका साध्या, मातकट पक्ष्याबद्दल. आपल्या सातभाईंच्या नात्यातला हा. इंग्रजीत याला पफ-थ्रोटेड बॅब्लर म्हणतात. माथेरान-महाबळेश्वरच्या झाडीत तो असतो, पण सहसा दिसत नाही, कारण जमिनीवर पाचोळ्यातच किडे शोधत फिरतो.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे खतावणीतल्या नोंदी जुळवाव्यात तशा त्याच्या खुणा जुळवते. आकार चिमणीएवढा. पाठ तपकिरी, डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यावर फिकट भुवई, गळा पांढरा आणि छातीवर तपकिरी रेघोट्या. टोपी आणि रेघोट्या दोन्ही जुळल्या की हिशेब बरोबर!

पण खरी ओळख आवाजाची. आपल्या अंगणातले सातभाई कलकलाट करतात. हा शीळ घालतो. दोन-तीन स्वच्छ सूर, जरा विसावा, पुन्हा तेच. शीळकरी कस्तूरही शीळ घालतो, पण त्याची लांबलचक, एखाद्याने रमतगमत घातल्यासारखी.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना मोतीबिंदूमुळे रेघोट्या दिसत नाहीत. माथेरानला बाकावर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "अगं, डावीकडे खाली बघ, तिथेच आहे तो." मला आधी पाने हललेली दिसली, मग तांबूस टोपी. डोळे माझे, कान त्यांचे!

याचे घरटे मात्र काळजी करायला लावते. पावसाळ्यात तो जमिनीवरच वाळक्या पानांचा गोलसर खोपा करतो. पाचोळ्यात पाचोळाच दिसतो तो. वरून एक पाऊल पडले की अंड्यांसकट सगळे संपले. चार हात पुढची जमीन पाहून चालावे, ही ईर्या समिती आपण लहानपणापासून ऐकतो. चातुर्मासात साधू-साध्वी विहार का थांबवतात, तेही जाणतो. मुंगीसाठी, हिरव्या कोंबासाठी आपण पाय जपतोच. त्यात या पक्ष्याचीही आठवण ठेवूया.

पावसाळ्यात डोंगरावर गेलात, तर पायवाट सोडू नका. नातवंडांना फोटोसाठी झाडीत शिरू देऊ नका. घरटे शोधायला तर मुळीच जाऊ नका. शीळ ऐकू आली की जागच्या जागी थांबा आणि खाली, पाचोळ्याकडे बघा. दिसला तर आनंद. नाही दिसला, तरी तो तिथे सुखरूप आहे, एवढे पुरे.