भरपाई

‘विमा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती. पुढे काय वाढून ठेवले आहे या भीतीपोटी माणूस आज थोडे पैसे देतो आणि संकट आलेच, तर त्याच्या खर्चाचा भार अनेकांत वाटला जातो, हा या व्यवहाराचा गाभा. शब्द आता इतका रुळला आहे की त्यातली भीती कोणाला जाणवत नाही. आजारपणाच्या विम्याचा विचार करताना मला मात्र त्याच्या जोडीने येणारा ‘भरपाई’ हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो.

भरणे आणि पावणे या दोन क्रिया ‘भरपाई’त एकत्र आल्या आहेत. पूर्वीच्या देवघेवीत येणे पुरते मिळाले की धनको ‘भरून पावलो’ असे लिहून देई. म्हणजे भरपाई झाली की नाही, हे सांगण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याचा नव्हे. ज्याचे येणे होते, त्याचा. सरकारी पत्रव्यवहारात याच जागी ‘वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती’ असे म्हणतात. रिकामे झालेले पुन्हा भरणे, असा त्याचा अर्थ. रिकामे झाले ते कोणाचे, हा प्रश्न दोन्ही शब्दांत दडलेला आहे.

आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ आणला. आज विम्याचे पैसे साधारणपणे तीन वाटांनी मिळतात. पहिली वाट ‘कॅशलेस’ची, तीत कंपनी रुग्णालयाला परस्पर पैसे देते. दुसऱ्या वाटेने जाताना घरच्यांनी आधी बिल भरायचे, मग कागदपत्रे पाठवायची आणि काही काळाने रक्कम विमेदाराच्या खात्यात जमा व्हायची. तिसरी वाट गंभीर आजारांच्या पॉलिसीची. तीत निदान झाल्यावर ठरलेली रक्कम एकदम मिळते. तिचा बिलाशी संबंध नसतो. तिच्यातून घरभाडे दिले किंवा मुलांची फी भरली, तरी त्याला गैरवापर म्हणता येणार नाही. खरा पेच आहे तो दुसऱ्या वाटेवर.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात धाकट्या भावाला हृदयविकाराचा झटका आला. जवळचे रुग्णालय कंपनीच्या यादीत नव्हते. थोरल्या बहिणीने पाटल्या तारण ठेवून कर्ज काढले आणि दोन लाख चाळीस हजार रुपये भरले. दाव्याचा अर्ज इंग्रजीत होता, म्हणून बहीणभाऊ दोघेही तो भरून घ्यायला माझ्याकडे आले. आजार, दाखल झाल्याची तारीख, प्रत्येक बिलाचा क्रमांक, बँकेचा तपशील, रद्द केलेला धनादेश असे सारे त्यात मागितले होते. हे पैसे कोणाच्या हातून गेले, यासाठी रकाना नव्हता.

तीन महिन्यांनी बहुतेक रक्कम भावाच्या खात्यात आली. थोडी थकलेल्या घरखर्चात गेली, उरलेल्या रकमेतून मुलासाठी मोटारसायकल आली आणि घराला रंग लागला. बहिणीने कधी विचारले नाही. आजारातून उठलेल्या भावाकडे पैसे मागायला तिची जीभ रेटेना. दीड वर्षाने ती एकटीच एक कागद घेऊन आली. म्हणाली, “सर, हेही इंग्रजीत आहे. जरा वाचून सांगता का?” ती तारण ठेवलेल्या सोन्याच्या लिलावाची नोटीस होती.

खोटी बिले जोडून पैसे लाटणे ही उघड फसवणूक. ती कंपनी आणि कायदा पाहून घेतील. येथे बिले खरी होती, आजार खरा होता, कंपनीने नियमाने पैसे दिले होते. तक्रार करायला जागाच नव्हती. भावाला लबाड ठरवून मोकळे होणेही योग्य नव्हे. आजारपणात त्याचा पगार थांबला होता, देणी साचली होती. मात्र थकलेला घरखर्च त्याचा होता, तसे बहिणीचे कर्जही त्याचेच होते. मोटारसायकलीची आणि रंगाची पाळी त्यानंतरची.

असे का होते, याचे एक कारण मला आपल्या बोलण्यात दिसते. ‘क्लेम पास झाला’, ‘क्लेम सुटला’, ‘विम्याचे पैसे आले’ असे आपण म्हणतो. ही सारी क्रियापदे अकर्मक आहेत. ‘देणे’ म्हटले की कोणाला, हे सांगावे लागते. व्याकरणात त्याला संप्रदान म्हणतात. ‘येणे’ किंवा ‘सुटणे’ यांना त्याची गरज पडत नाही. उशिराने आलेली रक्कम आजारापासून तुटते, ज्याने बिल भरले त्याच्यापासूनही तुटते आणि अवचित झालेल्या लाभासारखी वाटू लागते. भाषा माणसाला अप्रामाणिक करते असे मी म्हणणार नाही, पण सोयीस्कर विसरायला ती मदत करते, एवढे खरे.

उपाय साधा आहे. बिल भरतानाच कोणी किती दिले, हे दाव्याच्या कागदांसोबत एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. रक्कम जमा झाली की त्या माणसांना त्याच दिवशी कळवावे. सगळे लगेच देता येत नसेल, तर किती आणि केव्हा देणार, ते आपण होऊन सांगावे. मागण्याची पाळी त्यांच्यावर आणू नये. ‘भरून पावलो’ हे प्रथमपुरुषी वाक्य आहे. ते बहिणीच्या वतीने भावाला म्हणता येत नाही. तिने ते स्वतः म्हणेपर्यंत त्या पैशांचे काम पुरे झालेले नसते.