आइनस्टाइनला वजा केल्यावर...

वर्गात पानिपत शिकवताना एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असायचा. "बाई, आपण जिंकलो असतो तर?" माझं उत्तरही ठरलेलं. इतिहासात जर-तरला जागा नाही, पुढचं पान उघडा! पण हा प्रश्न डोक्यातून जात नाही, मुलांच्याही आणि मोठ्यांच्याही. म्हणून तर जयंत नारळीकरांनी विश्वासरावांना लागणारी गोळी हुकवून अख्खी कथा रचली.

अशाच एका जर-तरवर उभा असलेला संगणकावरचा युद्धखेळ म्हणजे 'रेड अलर्ट ३'. २००८ साली आला, म्हणजे आता जुनाच. पण नातवामुळे आमच्या घरी त्याला मरण नाही. शेजारी बसून मी तो बराच पाहिला, मग थोडा खेळलेही. (हसू नका मंडळी, माऊस मलाही हलवता येतो!)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बुद्धिबळासारखी इथे पाळीपाळीने चाल नसते, सगळं एकदमच चालू असतं. खाणीतून खनिज काढायचं, त्याच्या पैशातून कारखाने, रणगाडे, जहाजं उभी करायची, आणि समोरचा येऊन धडकायच्या आत तयार राहायचं.

खरी गंमत कथेत आहे. १९९६ सालच्या पहिल्या भागात आइनस्टाइन कालयंत्रातून १९२४ सालात जातात. तुरुंगातून सुटलेल्या हिटलरशी नुसतं हस्तांदोलन करतात आणि तो नाहीसा होतो. मग महायुद्ध टळतं का? छे! हिटलरच्या जागी स्टालिन युरोपवर चालून येतो. तिसऱ्या भागात हरत आलेले सोव्हिएत अधिकारी तीच युक्ती उलटी वापरतात. १९२७ सालच्या ब्रुसेल्सच्या सॉल्वे परिषदेत जाऊन ते आइनस्टाइनलाच नाहीसं करतात. परत येऊन बघतात तर रशिया जिंकत आलेला, पण पूर्वेकडून जपानचं साम्राज्य महाकाय यंत्रमानव घेऊन निघालेलं. आता अणुबॉम्ब टाकावा, तर तो काय असतो हेच कोणाला ठाऊक नाही. तो जन्मलाच नाही!

मला हा विनोद फार आवडला, कारण त्याच्या पोटात एक शहाणपण आहे. एक माणूस वजा केला की हिशेब सुटत नाही, नवीनच उदाहरण समोर येतं. भूतकाळ 'दुरुस्त' करायला निघालेल्या प्रत्येकाची इथे फजिती होते. हे मी फळ्यावर लिहून पटवलं नसतं इतकं सहज पटतं.

खेळ म्हणूनही त्यात पुष्कळ चांगलं आहे. तिन्ही फौजांची बांधकामाची पद्धतच वेगळी. सोव्हिएत इमारत जागेवर हळूहळू उभी राहते. मित्रराष्ट्रांची आधी तयार होते, मग जागेवर ठेवायची. जपानची तर पेटीसारखी चालत जाते आणि हवं तिथे उलगडते. समुद्राला जमिनीइतकंच महत्त्व आहे. सोव्हिएत सैन्यात अस्वलं, आणि तीही हवाई छत्रीने उतरणारी! मित्रराष्ट्रांकडे डॉल्फिन. एक हेलिकॉप्टर शत्रूला गोठवतं आणि मनात आलं तर रणगाडा खेळण्याएवढा करून टाकतं.

आता खोट. प्रत्येक मोहिमेत सोबतीला दुसरा सेनापती दिला आहे. दोन मित्र मिळून खेळले तर बहार. एकटं खेळताना ते काम संगणक करतो, आणि हा सोबती बहुधा नको तिथे धावतो. प्रत्येक वाहनाला एकेक जादा करामत असल्यामुळे डोक्यापेक्षा बोटंच जास्त पळवावी लागतात. खनिजाच्या खाणीला चिकटून कारखाना, त्यामुळे आधीच्या भागात दूरवर जाणाऱ्या खनिजगाड्या राखण्यात जी चुरस होती ती गेली.

मोठी खोट विनोदातच आहे. दुसऱ्या भागातली पात्रं वेडगळ गोष्टी गंभीर चेहऱ्याने बोलायची, म्हणून हसू यायचं. इथे नट मंडळी प्रेक्षकांकडे बघून डोळा मारतात. सांगणारा आधी हसला की ऐकणाऱ्याचं हसू अर्ध्यावर येतं. बायका तर बहुतेक तोकड्या कपड्यांत मिरवण्यापुरत्याच. नातवाशेजारी बसून ते बघताना मी चष्मा पुसत बसते.

आणि जपानचा सम्राट. ते काम जॉर्ज ताकेई यांनी केलं आहे, 'स्टार ट्रेक'मधले सुलू. १९४२ साली अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यात पाच वर्षांचे ताकेई आईवडिलांबरोबर होते. त्या माणसाला तलवार आणि यंत्रमानवांच्या सोंगात पाहताना मला हसावं की थांबावं कळेना. खेळ मात्र थांबत नाही. हिरोशिमा ज्यात कधी घडलंच नाही असं जग तो उभं करतो, आणि त्या एवढ्या मोठ्या सुटकेकडे वळूनही न बघता पुढच्या विनोदाकडे पळतो. ही चुकामूक मला सगळ्यात जास्त लागली.

"आजी, आइनस्टाइन नसते तर खरंच बॉम्ब झाला नसता?" नातवाने परवा विचारलं. मी सांगितलं, की १९३९ साली रूझवेल्ट यांना गेलेल्या पत्रावर त्यांची सही होती, पण बॉम्ब बनवण्याच्या कामात त्यांना घेतलंच नव्हतं. अणूचं विखंडन १९३८ साली हान आणि स्ट्रासमान यांच्या प्रयोगात दिसलं, त्याचा अर्थ लावला लीझ माइटनर आणि फ्रिश यांनी. मग त्याला त्याच सॉल्वे परिषदेचा फोटो दाखवला. एकोणतीस माणसं आहेत त्यात, आइनस्टाइन पुढच्या रांगेत मधोमध. त्याने बोटाने त्यांना झाकलं आणि उरलेले मोजले. अठ्ठावीस. त्यांत मेरी क्यूरी, बोर, हायझेनबर्ग, श्रोडिंगर...

"मग त्या सोव्हिएतांना अजून अठ्ठावीस जणांशी शेकहँड करावा लागला असता," तो म्हणाला.

माइटनरबाई तर त्या फोटोत नव्हत्याच, हे त्याला अजून सांगायचं आहे.