बाबांचा बार

‘मी बाबांसाठी बार बनवतेय,’ असं ग्रुपवर टाकलं आणि पाच मिनिटांत सात रिप्लाय आले. एकाने विचारलं, ओपनिंग कधी? दुसरीने विचारलं, काका कधीपासून घ्यायला लागले? सगळ्यांना समजावून थकले, की मंडळी, हा तसला बार नाही. हा प्लॅस्टिकच्या पाइपचा दांडा आहे. मासे पकडायच्या कयाकवर तो बसवायचा आणि त्याच्या आधाराने उभं राहायचं. बस्स. हे कळल्यावर ग्रुपचा इंटरेस्ट संपला. माझी गोष्ट तिथून सुरू होते.

आधी थोडं बॅकग्राउंड. बाबा मुंबईच्या गोदीत फिटर होते. पस्तीस वर्षं पाने, बोल्ट आणि पाइप यांच्यात काढली. रिटायर झाल्यावर आई-बाबा चौलच्या घरी गेले आणि मी अंधेरीत पेइंग गेस्ट झाले. चौलपासून रेवदंड्याची खाडी जवळ. बाबांना गरीचा नाद लहानपणापासूनचा. हातात आलेल्या पैशातून त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर एक सेकंडहॅण्ड फिशिंग कयाक घेतली. १२ फूट लांब, ३४ इंच रुंद, ३८ किलो वजन, सगळी एकसंध पॉलिथिलीनची. हिच्या आत बसायचं नसतं, वर बसायचं. आलेलं पाणी निघून जायला तळाला आरपार भोकं. गावातल्या लोकांनी ‘ही कसली होडी? हिला तर आधीच भोकं!’ म्हणून हसून घेतलं. बाबांना फरक पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, बसून मासे पकडता येत नाहीत का? येतात. पण जिताडा हा एक नंबरचा वस्ताद. ओहोटी लागली की तो तिवरांच्या मुळांशी, सावलीत दबा धरून बसतो आणि वाहत येणाऱ्या बारक्या माशांवर झडप घालतो. बसल्या जागेवरून पाण्यावर नुसती चकाकी दिसते. उभं राहिलं की नजर पाण्याच्या आत जाते, फांदीच्या खाली नेमकी गरी टाकता येते, शिवाय पाठ मोकळी होते. बाबा अर्धा वेळ कयाकवर उभेच असायचे. काठावरून पाहिलं तर माणूस पाण्यावर चालतोय असं वाटायचं.

२०२३मध्ये बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाटी बदलली. काही महिन्यांत ते चालायला लागले, जिने चढायला लागले, बाजारात जाऊन यायला लागले. सगळं मस्त. फक्त एक गोष्ट जमेना. कयाकची सीट जेमतेम आठ इंच उंच. तिथून उठायचं म्हणजे गुडघा पूर्ण दुमडून सगळं वजन त्याच्यावर घ्यायचं, आणि आजूबाजूला धरायला काहीच नाही. त्यांनी ओटीवर पाटावर बसून उठून पाहिलं. आईचा खांदा लागला. दुसऱ्या दिवशी कयाक घरामागे गेली आणि तिच्यावर ताडपत्री आली. या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत.

एका वीकेण्डला गेले, तेव्हा मला ती ताडपत्री दिसली. बाबा टीव्हीसमोर बसले होते. बातम्या बघत होते आणि आवाज बंद होता.

मी फ्रीलान्स पत्रकार आहे. म्हणजे वेळ भरपूर, पैसे बेताचे. मास कॉमच्या डिग्रीने मला एकच गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे कुठल्याही विषयात तीन तासांत एक्स्पर्ट झाल्यासारखं दिसायचं. तीन तासांत मला कळलं, की अमेरिकेत कयाकवरून मासे पकडणारे लोक घरच्या घरी असे बार बनवतात. मग काय! हार्डवेअरच्या दुकानात गेले. दीड इंची यूपीव्हीसी पाइप, चार एल्बो, दोन टी आणि सॉल्व्हंट सिमेंटचा डबा. दुकानदाराने विचारलं, ‘बाथरूम का?’ मी म्हटलं, ‘होडी.’ त्याने पुढे काही विचारलं नाही. बिल्डिंगच्या गच्चीवर हॅकसॉने पाइप कापले, जोडले, उलट्या ‘यू’सारखा बार तयार केला. तीन फूट उंच. दिसायला सॉलिड होता. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. पुढच्या शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरले, तेव्हा लोक माझ्याकडे प्लंबर म्हणून बघत होते.

बाबांनी बार हातात घेतला, फिरवून पाहिला, सांध्यांवरून बोट फिरवलं. काहीतरी बोलणार होते, पण माझा चेहरा बघून गप्प बसले. हे मला नंतर कळलं.

सॉल्व्हंट सिमेंट पीव्हीसीला पीव्हीसी चिकटवतं, पॉलिथिलीनला चिकटतच नाही. एवढं मी वाचलं होतं. म्हणून बारचे पाय मी कयाकला स्क्रूने ठोकले. चार-चार सेल्फ टॅपिंग स्क्रू. भरतीच्या वेळी, कंबरभर पाण्यात ट्रायल. बाबांनी लाइफ जॅकेट घातलं, सीटवर बसले, पाय मागे घेतले, बार धरला आणि उठले. मी काठावर मोबाइलवर शूटिंग करत होते. ते अर्धे उठले. कयाक किंचित डावीकडे कलली. तोल सावरायला त्यांनी बार उजवीकडे खेचला. आणि कट्‌ असा आवाज आला.

बाबा पाण्यात गेले. दोन सेकंद असतील, पण मला ती मोजता येत नव्हती. डोक्यात एकच विचार होता, गुडघा. ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात माझा बार होता आणि कयाकला आठ भोकं जास्तीची पडली होती. मोबाइल वाळूत टाकून मी पाण्यात धावले. ‘काही नाही गं, काही नाही,’ म्हणत ते माझीच समजूत काढत होते. आईला त्यांनी सांगितलं, कयाक धुताना पाय घसरला. तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. पूर्ण कधी बघितलेला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी विजेच्या बिलाची मागची बाजू समोर ओढली आणि पेन्सिल घेतली.

‘हे बघ. तुझा बार ९० सेंटिमीटर उंच. त्याच्या पायाची पट्टी १० सेंटिमीटरची. वर मी दहा किलोने खेचलं, तर खाली स्क्रूवर किती आलं?’

‘दहा?’

‘नव्वद. पाना लांब घेतला की बोल्ट का सुटतो, तेच हे. आणि खाली प्लॅस्टिक चार-पाच मिलिमीटर जाड. स्क्रूने धरायचं कशाला?’

मी मान डोलावली.

‘ते जाऊ दे. ते दुरुस्त होईल. मोठी चूक वेगळी आहे. लोकलमध्ये तू कडीला लटकतेस ना? ती कडी तुला का सांभाळते? गाडी शेकडो टनांची आहे, म्हणून. तू कितीही खेच, गाडी कलत नाही. इथे कयाक ३८ किलोची आणि मी ७२. मी बार बाजूला खेचला, तर बार मला सरळ करेल, की मी कयाकला आडवी करेन?’

हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी आधार आधार करत होते, आणि तो आधार ज्याला बसवला होता तेच डुलत होतं.

‘मग बारचा उपयोग काय, बाबा?’

‘उठताना खाली दाबायला. वजन सरळ खाली, होडीच्या मधोमध. अर्ध्या उठण्यात गुडघ्याला हात लागतो, तेवढाच. उभा राहिल्यावर नुसती बोटं टेकवायची. होडी कुठे कलतेय ते बोटांना आधी कळतं. तोल ज्याचा त्यानेच सांभाळायचा.’

मग त्यांनी पेन्सिल ठेवली आणि सहज विचारलं, ‘तीन फूट उंची कशी काढलीस?’

मी गप्प. गच्चीवर मी माझ्याच कमरेला टेप लावली होती. बाबा माझ्यापेक्षा तीन इंच बुटके आहेत. कयाकमध्ये पाय वाकवून उठणाऱ्या माणसाला तर कमरेइतकी उंची नकोच असते. त्याला मांडीच्या उंचीवर हात टेकायला हवा असतो. मी एकदाही विचारलं नव्हतं. फोन करून ‘बाबा, तुमचं माप किती?’ एवढं विचारायला दोन मिनिटं लागली असती.

खरं सांगायचं तर मला कारण माहीत होतं. बाबांचं ते आवाज बंद करून टीव्ही बघणं मला अंधेरीत झोपू देत नव्हतं. काहीतरी बनवून द्यावं, त्यांची सोय व्हावी आणि मी मोकळी व्हावी, असा तो हिशेब होता. माझ्या हाताऐवजी पाइप. हे मी त्यांना बोलले नाही. ते रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन असाइनमेंट्स पुढे ढकलल्या आणि मी दहा दिवस राहिले.

दुसरा बार बाबांच्या मापाचा, २६ इंच उंच. पाइप शेड्यूल ८०चा, म्हणजे जाड भिंतीचा. पीव्हीसी उन्हात तापला की नरम पडतो, त्यामुळे पातळ पाइप नको. लोखंडी पाइप खाऱ्या पाण्यात गंजतो, म्हणून तोही बाद. पाय एकमेकांपासून शक्य तितके लांब, जवळजवळ कयाकच्या दोन्ही कडांना. पुढच्या बाजूला दोन तिरपे टेकू, म्हणजे जोर एका ठिकाणी न येता वाटला जाईल. स्क्रू रद्द. त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आरपार, आणि आतल्या बाजूने जाड पट्ट्या, ज्यामुळे ताण चार बोटं रुंद जागेवर पसरतो. या पट्ट्या आल्या आईच्या चॉपिंग बोर्डातून. ‘तोही पॉलिथिलीनचाच,’ असं बाबांनी पटवून दिलं. आईने दोन दिवस भाजी चिरायला विळी वापरली आणि आम्हाला ते ऐकवलं. पाणी आत जाऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापले. जुन्या आठ भोकांपैकी बहुतेक नव्या बोल्टांच्या कामी आली, उरलेल्यांना छोटे बोल्ट आणि तेच वॉशर. हात घसरू नये म्हणून वर एसीच्या पाइपवरचं काळं फोम.

तिरप्या टेकूंच्या पिना काढल्या की बार पुढे झोपतो. हे बाबांनी मुद्दाम केलं. पाण्यात पडलं तर परत कयाकवर पोटावर सरकत चढावं लागतं, तेव्हा मध्ये खांब उभा नको.

नट बसवायला पुढच्या झाकणातून हात आत घालावा लागायचा. बाबांचा हात जाईना, माझा गेला. मी अंगणात पालथी पडून आत पाना धरायचे, ते वरून आवळायचे. आतलं काही दिसत नसे. ‘धरलंस?’ ‘धरलं.’ ‘सोड.’ दोन दिवस आमचं एवढंच बोलणं चाललं होतं. इतकं बोलणं गेल्या दोन वर्षांत झालं नव्हतं.

‘नायलॉक नट आहेत. हे सहसा सैल होत नाहीत,’ शेवटचा आवळताना ते म्हणाले.

ट्रायलला गरी घरीच ठेवली. आधी मला बसवलं आणि मुद्दाम पाडलं. तीनदा. पडल्यावर बार आडवा करून परत कसं चढायचं, हे मला आल्याशिवाय ते बसणार नव्हते. मग ते बसले. पाय मागे घेतले, पुढे झुकले, दोन्ही तळवे फोमवर. मी या वेळी कंबरभर पाण्यात त्यांच्या शेजारी होते, हात कयाकला न लावता. त्यांनी खाली दाबलं. कयाक थोडी हलली. ते उठले. मग तळवे उचलले आणि नुसती बोटं ठेवली.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तिवरांकडे बघत होते. मग म्हणाले, ‘बोय आहेत बघ तिथे.’ मला पाण्याच्या पातळीवरून नुसती चकाकी दिसत होती.

मी परत आले. ते आता आठवड्यातून दोनदा जातात, लाइफ जॅकेट घालून, शेजारच्या होडीवाल्याला सांगून, खाडी शांत असेल तेव्हाच. जिताडा अजून मिळालेला नाही.

परवा फोन आला. ‘अगं, डाव्या बाजूचा एक नट सैल झालाय. आत हात घालायला कोणी नाही. कधी येतेस?’

आईचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे. हे मला माहीत आहे, त्यांनाही. मी म्हटलं, ‘शनिवारी येते, बाबा. पाना काढून ठेवा.’