आगोटीपूर्वींचें पनवेल

उन्हाळा हा ऋतु आमच्या लोकांच्या फारसा मर्जींतला नाहीं. कालिदासानें 'ऋतुसंहारा'चा आरंभ ग्रीष्मापासून केला खरा, परंतु त्याचे वाचकदेखील पुढच्या सर्गांतल्या मेघांकडे जाण्याची घाई करतात. आणि सामान्य मराठी मनुष्य तर आंबा व सुटी ह्या दोन गोष्टी सोडल्यास उन्हाळ्याचें नांव प्रेमानें घेत नाहीं. कोंकणच्या तोंडाशीं वसलेल्या आमच्या पनवेलची गोष्ट थोडी निराळी होती. येथें वर्षाचा खरा हिशेब उन्हाळ्यांतच होई. जून उजाडला कीं पुढचे चार महिने पाऊस हाच गांवचा धनी. त्या चार महिन्यांत काय खावयाचें, चुलींत काय घालावयाचें आणि कोणत्या छपराखालीं कोरडें निजावयाचें, हें सारें चैत्र-वैशाखांत ठरवून टाकावें लागे. आगरी-कोळी मंडळींच्या बोलींत ह्या तयारीला 'आगोट' असा सुटसुटीत शब्द आहे. आम्ही पांढरपेशे 'बेगमी' म्हणत असूं. परंतु बेगमींत नुसता सांठा आहे, आगोटींत येणाऱ्या पावसाची चाहूल आहे. म्हणून आम्हांला आगोट हाच शब्द अधिक आवडतो.

ह्या विषयाकडे आमचें मन वळण्यास एक दूरचें निमित्त घडलें. मध्यंतरीं भूमध्य समुद्रांतल्या माल्टा बेटाविषयीं कांहीं वाचनांत आलें. तेथल्या गांवोगांवीं उन्हाळ्याच्या महिन्यांत आपापल्या ग्रामसंताचा उत्सव होतो. रस्त्यांवर पताका लागतात, दारूकाम उडतें, गांवचें वाजंत्री-मंडळ वाजत-गाजत पुढें चालतें आणि संताची जड मूर्ति पुरुषमंडळी खांद्यावर घेऊन अरुंद गल्ल्यांतून फिरवितात. कित्येक गांवांत अशीं दोन-दोन मंडळें असून त्यांची चुरस पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. (हें वाचून आमच्याकडील गणेशोत्सव-मंडळांच्या चालकांना नक्कीच आपलेपणा वाटेल.) कांहीं संतांची मूळ तिथि हिवाळ्यांत पडते, तरी उत्सव मात्र उन्हाळ्यांत करतात, तेथला उन्हाळा कोरडा, आणि रात्री रस्त्यावर काढण्याजोग्या. २०२३ सालीं युनेस्कोनें ह्या उत्सवाची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली. बेटावर प्रवासी लोटतात, ते कौतुकानें पाहतात. पण वर्गणी गांवकऱ्यांची, खांदा गांवकऱ्यांचा आणि भांडणेंही गांवकऱ्यांचींच. वाचतांना त्या खांद्यावरच्या मूर्तीपाशीं आम्ही थबकलों, आणि आमच्या आळींतून जाणारी गांवदेवीची पालखी डोळ्यांपुढें आली.

पनवेल हें जुनें बंदर, हें आज सांगितल्यावांचून कोणास कळणार नाहीं. आगगाडीपूर्वीं मुंबईहून पुण्यास निघालेला मनुष्य होडीनें पनवेलच्या खाडींत येऊन उतरे, आणि येथून खोपोलीवरून बोरघाट चढे. घाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. १८६३ सालीं घाटांतून आगगाडी धावूं लागली, आणि ती वर्दळ आमच्या दारावरून उठून गेली. तरी बैलगाडीचीं चाकें करण्याबद्दल पनवेलचा लौकिक पुढेंही टिकला. नगरपालिका येथें १८५२ सालींच आली. बेने इस्रायली लोकांचें बेथ एल हें प्रार्थनामंदिर १८४९ सालचें. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना कोंकणांत 'शनवार तेली' म्हणत. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे हीं आमचीं तळीं. नांवें अशीं यमकांत कोणी बसविलीं तें देव जाणे. कोळीवाडा, मोमीनपाडा, भुसार मोहल्ला, लाईन आळी, मिरची गल्ली ह्या नुसत्या नांवांवरूनच येथें कोण राहत असे आणि काय विकलें जात असे ह्याचा अंदाज येतो.

उन्हाळ्यांत मिरची गल्लींतून न शिंकतां पलीकडे जाणें हें शौर्याचें काम होतें. पांढऱ्या कांद्यांच्या माळा दारोदार येत. सुके बोंबील, सोडे, जवळा, वाकट्या ह्यांच्या पाट्या घेऊन कोळणी बसत. जून-जुलैंत मासेमारी बंद, तेव्हां त्यांचा आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचाही निर्वाह ह्या पाट्यांवरच. आमच्या घरीं मासळी शिजत नसे, परंतु कोणत्या घरीं किती सुकट भरली ह्याची बातमी वाऱ्याबरोबर आमच्याकडेही येई. खाडीकांठच्या मिठागरांत तर ही घाई अधिकच असे. भरतीचें पाणी वाफ्यांत घ्यावयाचें, उन्हानें तें आटवावयाचें, तळाशीं बसलेलें मीठ ओढून त्याच्या राशी घालावयाच्या, आणि पहिली सर येण्यापूर्वीं त्या झांकावयाच्या. एक वळीव चुकीच्या दिवशीं पडला तर आठवड्याची मेहनत विरघळून जाई. 'आगरी' हें नांव ज्या आगरावरून पडलें त्याला उन्हाचें मोल ठाऊक होतें. आमच्यासारख्या पुस्तकी माणसांना तें फक्त घामावरून कळे.

गांवांत बायकांनीं दिवस वांटून घेतलेले असत. आज आमच्याकडे पापड, उद्यां शेजारीं कुरडया, परवां समोर फेण्या. लाटावयास दहा हात लागत, म्हणून दहा घरांच्या बायका एका ओसरीवर जमत. मुलांना काम एकच, कावळे राखण्याचें, आणि त्याचा मोबदला म्हणून ओल्या पापडाची एक लाटी. त्याच अंगणांत चैत्रगौरीचें हळदीकुंकू होई, वाटली डाळ आणि पन्हें दिलें जाई. घर शाकारणारा कारागीर वर कौलें चाळीत असे, आणि खालीं आई त्याच्या नांवानें ओरडत असे. कारण वरची धूळ थेट सांडग्यांवर पडे.

ह्या सगळ्या धांदलींतच जत्रा येत. चैत्र शुद्ध सप्तमीच्या सुमारास कार्ल्याच्या एकवीरेला आगरी-कोळी मंडळी घाट चढून जात. आसपासच्या गांवांतून गांवदेवीच्या जत्रा भरत, पालखी रात्रभर फिरे. आमच्या आळींत पालखी आली कीं ती प्रत्येक दारापुढें थांबे. घरची बाई उंबरठ्याबाहेर येऊन ओवाळी, भोयांच्या पायांवर पाणी घाली, नारळ देई, आणि पालखी पुढच्या दाराकडे वळे. अवघें दोन मिनिटांचें काम! परंतु त्या दोन मिनिटांत त्या घराची पाळी असे. उत्सव करणारा कोण आणि पाहणारा कोण, असा भेद तेथें पडतच नसे, कारण प्रत्येक घर आपल्या उंबरठ्यापुरतें यजमान असे. आम्हांला त्या उन्हाळ्यांतील एखादी गोष्ट जपून ठेवावी असें वाटत असेल तर ती ही पाळी होय. पन्हें काय, तें आज बाटलींतही मिळतें.

मात्र ह्या चित्राला सोन्याची चौकट बसविण्यास आमचें मन घेत नाहीं. आमच्या आत्याबाई ऐन तारुण्यांत विधवा झाल्या. चैत्रगौरीची हरभऱ्याची डाळ वाटावी ती त्यांनींच, इतका त्यांचा हात चांगला. परंतु बायका जमूं लागल्या कीं त्या हात धुऊन माजघरांत जाऊन बसत. कोणी त्यांना 'जा' म्हणत नसे, आणि कोणी 'बसा'ही म्हणत नसे. तळ्यांचीं नांवें आम्हीं वर मोठ्या हौसेनें दिलीं. परंतु आमच्या ह्याच जिल्ह्यांत, महाडास, तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजीं हजारों माणसें घेऊन जावें लागलें, हें विसरून कोंकणांतल्या कोणत्याही पाणवठ्याविषयीं हळवें होणें आम्हांला शोभत नाहीं. पालखीही सर्व वस्त्यांतून फिरे, असें छातीवर हात ठेवून सांगतां येणार नाहीं. प्रत्येक उंबरठ्याला पाळी होती हें खरें. परंतु कोणाचा उंबरठा मोजावयाचा हें आधींच ठरलेलें होतें.

पुढें काळानें पनवेलला सावकाश बदलूं दिलें नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नवें शहर वसविण्यासाठीं शेतें व मिठागरें संपादिलीं जाऊं लागलीं. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं लढा झाला. १९८४ च्या जानेवारींत १६ व १७ तारखेस गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. ज्या वाफ्यांत ऊन मीठ पिकवीत असे तेथें आज इमारती उभ्या आहेत. विमानतळासाठीं उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा ओघ वळविला गेला, गांवें उठून दुसरीकडे गेलीं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें विमानतळाचें उद्‌घाटन झालें. नगरपालिकेची १ ऑक्टोबर २०१६ रोजीं महानगरपालिका झाली. उठलेल्या गांवांनीं आपल्या देवी बरोबर नेल्या, नव्या जागीं देवळें बांधलीं. देवीला गांव बदलतां येतें. आगराला येत नाहीं.

ज्या गरजेपोटीं आगोट होती ती गरजही ओसरली आहे. आतां श्रावणांतही दुकानें उघडीं असतात, आणि मुलांनीं कावळे राखले नाहींत म्हणून कोणी उपाशी राहत नाहीं. ह्याबद्दल हळहळणें म्हणजे आपल्या आयांच्या कंबरदुखीबद्दल हळहळणें होय! आतां मैदानांवर 'महोत्सव' भरतात. मंडप, ध्वनिक्षेपक, तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी. आमचे कांहीं मित्र ह्या प्रकाराला नाकें मुरडतात. आम्हांला तसें वाटत नाहीं. जी बाई पूर्वीं वीस भाकरी घरांत फुकट थापी, ती तेथें दोनशें थापून पैसे घेऊन घरीं जाते, ह्यांत वाईट तें काय? फक्त तेथें आमची पाळी येत नाहीं. आम्ही खातों, पैसे देतों, टाळ्या वाजवितों आणि परत येतों. माल्ट्याच्या गल्लींत उभा असलेला प्रवासी जेथें उभा असतो, तेथेंच आम्ही आपल्या गांवांत उभे असतों.

ह्या विवेचनाला आम्हीं आतांच कां हात घातला, तें सांगणें प्राप्त आहे. आमचें घर पडीक होत चाललें आहे. भावंडें चार, दोघे परगांवीं. पूर्वेकडील भिंत दरवर्षीं थोडी झुकते. २६ जुलै २००५ च्या पुरांत गाढी नदीचें पाणी गांवांत शिरलें, तेव्हांपासून ओल भिंतीचा पाया सोडीत नाहीं. तेथें सात मजली इमारत बांधण्याचा कागद तयार असून त्यावर तिघांच्या सह्या झाल्या आहेत. आम्हीं सही करूं नये असें एकही व्यावहारिक कारण आम्हांला देतां येत नाहीं. आईनें नकाशा समजावून घेतला, न्हाणीघर निजण्याच्या खोलीला लागून आहे हें पाहून ती खूषही झाली, आणि मग तिनें विचारलें, "अरे, पण देवी थांबेल कुठें?"

आम्हीं हा प्रश्न नकाशा काढणाऱ्या तरुण गृहस्थांपुढें ठेवला. ते भले मनुष्य, हंसले नाहींत. तळमजल्यावर वाहनें उभीं करण्याची जागा नियमानें सोडावीच लागते, रस्त्याच्या बाजूला फाटक आणि पहारेकऱ्याची खोली येते, असें त्यांनीं सांगितलें. पालखी फाटकापाशीं थांबूं शकेल. सोळा बिऱ्हाडांची मिळून एकच आरती होईल. "सर, उलट सोयीचें होईल," असें ते म्हणाले, आणि त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. धाकट्या भावानें फोनवर सुचविलें कीं आरतीसाठीं दर वर्षीं एका बिऱ्हाडाची पाळी लावावी. सोळा वर्षांनीं एकदां! आईचें वय पंच्याऐंशी आहे.

तरी एक गोष्ट आम्हीं कागदांत घालावयास लावली आहे: फाटकाच्या आंत, डाव्या हाताला, आज आहे तेवढ्याच उंचीचा एक ओटा राहील, त्यावर कोणाचेंही वाहन उभें राहणार नाहीं, आणि इमारतींतल्या कोणत्याही बिऱ्हाडाला, तें कोणाचेंही असो, तेथें उभें राहून ओवाळतां येईल. 'कोणाचेंही असो' हे शब्द लिहून घेतांना आम्हांला आत्याबाईंची आठवण झाली. थोरल्या बंधूंना हें कलम पोरकट वाटतें. त्यांनीं तें खोडलेलें नाहीं.

पाडकाम पावसाळ्यानंतर सुरू व्हावयाचें आहे, तेव्हां हा एक पाऊस जुन्या छपराखालीं काढणें भाग आहे. शाकारणारे कारागीर आतां गांवांत फारसे उरले नाहींत. जे एक वृद्ध गृहस्थ अजून येतात त्यांना आम्हीं गेल्या रविवारीं बोलाविलें. शिडी लावण्यापूर्वीं त्यांनीं विचारलें, "सर, दिवाळीनंतर घर पाडणार म्हणतां, मग सगळीं कौलें चाळूं, कीं गळतात तेवढींच बघूं?" आम्ही उत्तर देण्याच्या आधींच आई आंतून म्हणाली, "सगळीं चाळा. आणि अंगणांत पापड आहेत, तेवढे अगोदर उचलूं द्या."