अस्थींना तिकीट नसतं

कॉफीच्या डब्यात बापाची राख. ‘ड्यू डेट’ या चित्रपटातली एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही; बाकीचा चित्रपट दुसऱ्या दिवशीच विसरायला झाला. २०१० सालचा, टॉड फिलिप्सचा. पीटर हा टापटीप, तापट आर्किटेक्ट. बायकोचे दिवस भरत आलेत आणि त्याला अटलांटाहून लॉस एंजेलिसला पोचायचंय. ईथन हा नट व्हायला निघालेला दाढीवाला गडी, काखोटीला छोटा कुत्रा आणि तोंडाला विश्रांती नाही. विमानात दोघांची जुंपते, दोघांनाही खाली उतरवतात, आणि मग एकाच भाड्याच्या गाडीतून अख्खी अमेरिका आडवी कापायची. ईथनचे वडील नुकतेच वारलेत. त्यांची राख त्या डब्यात.

डबा दिसला तसा मी सावरून बसलो. आता हा चित्रपट काहीतरी बोलणार, असं वाटलं. पण टेक्सासमध्ये पीटरच्या मित्राच्या घरी तीच पूड कॉफी समजून उकळली जाते, प्यायलीही जाते, आणि डब्याचं काम तिथं जवळजवळ संपतं. राखेवर विनोद करू नये असं मी म्हणत नाही. विनोदाला काहीही वर्ज्य नसावं या मताचा मी आहे. पण विनोद झाल्यावर त्या खोलीत क्षणभर थांबायला हवं होतं. आपल्या बापाची कॉफी झाली हे कळल्यावर माणूस कसा दिसतो, हे मला बघायचं होतं. चित्रपटाला मात्र पुढच्या अपघाताची घाई. गाडी पुलावरून आधीच कोसळून झालीय, आता मेक्सिकोच्या हद्दीवर धरपकड होते, बंदूक सुटते. वाटेत कुठं पीटर एका पोराच्या पोटात गुद्दा मारतो, कुत्र्याच्या तोंडावर थुंकतो. माणूस चिडतो तो पायरीपायरीनं. इथं पीटर झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर पहिल्या मिनिटापासून वरच्या पायरीवर उभा, मग चढायचं कुठं?

ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर ईथन ती राख सोडतो, तिथं झॅक गॅलिफियनाकिस एकदम मोठा नट होतो. तेवढं मला फार आवडलं. म्हणूनच बाकीच्याचा राग येतो. पुढे २०१९ मध्ये याच दिग्दर्शकानं ‘जोकर’ केला. एकट्या माणसाकडे टक लावून बघणं त्याला जमत नव्हतं असं कसं म्हणावं?

हा सगळा सांगाडा जॉन ह्यूजच्या १९८७ सालच्या ‘प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स’चा आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला न्यूयॉर्कहून शिकागोला घरी निघालेला स्टीव्ह मार्टिन, आणि त्याच्या गळ्यात पडलेला जॉन कँडी, न्हाणीघराच्या पडद्याच्या कड्या विकणारा फिरता विक्रेता. बर्फामुळे विमान विचिटाला उतरतं, मोटेलात एकच खोली, एकच पलंग. मार्टिन संतापून त्याला तासतो. तू बोलतोस त्यात ऐकण्यासारखं काही नसतं, असं तोंडावर सुनावतो. आणि कॅमेरा कँडीच्या चेहऱ्यावर थांबून राहतो. बराच वेळ. तो पडलेला चेहरा, मग त्यातून हळूहळू वर येणारा स्वाभिमान, मी आहे तो असा आहे म्हणणारा. बायकोचं नाव तो येताजाता घेतो. ती आठ वर्षांपूर्वीच गेलीय आणि याला घरच नाही, हे अगदी शेवटी कळतं. सिनेमाभर जी अवजड ट्रंक तो ओढत होता ती मग वेगळी दिसू लागते. कँडी १९९४ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्यासारखा नको असलेला सोबती पडद्यावर मला पुन्हा भेटलेला नाही.

पडद्याबाहेर भेटला होता. आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्यांच्या अस्थी नाशिकला रामकुंडात न्यायच्या ठरल्या. अस्थी घरात घेत नाहीत, म्हणून कलश फडक्यात बांधून परसातल्या कडुनिंबाला टांगलेला. न्यायला मामा, सोबत मी. मामा धरणांच्या कामावर ओव्हरसिअर; मोजकं बोलणारा, रिकाम्या गप्पांचा तिटकारा असलेला. आणि एसटी स्टँडवर बघतो तर तात्या हजर. आजोबांचे जन्माचे दोस्त, तपकिरीनं पिवळा पडलेला रुमाल, आवाज सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा. मामाला ते कधीच सहन झाले नाहीत. आजोबांचे पैसे तमाशाच्या कनातीत गेले ते यांच्या नादानं, असं त्याचं पक्कं मत होतं.

गाडीत तात्यांनी खिडकीची जागा कलशाला दिली आणि कंडक्टरकडे तीन फुल, एक हाफ मागितलं. मामा शरमेनं लाल. कंडक्टरनं कलशाकडे बघितलं, चिमटा दोनदा वाजवला आणि म्हणाला, “अस्थींना तिकीट नसतं, काका.” मंचरला एक लेकुरवाळी बाई चढली. कलश मांडीवर घेता आला असता. मामा काही न बोलता उठला आणि आपली जागा तिला देऊन दांडीला धरून उभा राहिला.

तात्यांचं मात्र मोशीपासून चालू होतं. नदी आली की कलशावर हात ठेवायचे, “गड्या, इंद्रायणी आली बघ,” आणि खिडकीतून दहा पैशांचं अ‍ॅल्युमिनियमचं नाणं टाकायचे. चैत्राचे दिवस, नाणं पाण्यात कमी आणि वाळूत जास्त पडायचं. राजगुरुनगरला भीमा, कळंबला घोड, नारायणगावला मीना. लोक वळून बघत होते. मामा दात आवळून समोरच्या काचेकडे बघत होता.

आळेफाटा मागे पडला, घारगावचा पूल आला आणि तात्या म्हणाले, “गड्या, आली बघ कुकडी.”

“मुळा,” मामा उभ्याउभ्याच म्हणाला. “कुकडी मघाशीच गेली.”

तात्यांनी नाणं हातातच धरलं. “मग मीना, कुकडी, सगळ्या एकच ना शेवटी?”

“नाही. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. इथपर्यंतचं सगळं कृष्णेला गेलं. ही मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा गोदावरीला. पाणी फुटतं ते मागच्या माळावर.”

तात्या कलशाकडे वाकले. “ऐकलंस का गड्या? आता इथनं पुढचं पाणी गोदेचं म्हणतोय पोरगा.” आणि मग नाणं टाकलं.

त्यानंतर संगमनेरला प्रवरा आली तेव्हा तात्यांनी आधी मामाकडे बघितलं. मामानं मान हलवली. सिन्नरनंतरची दारणा तर मामानंच सांगितली. तात्यांच्याकडची सुटी नाणी संपली होती. मामानं खिशातून चार आणे काढून दिले.

असल्या गाडीप्रवासाचे अमेरिकी चित्रपट दोघांना शेवटी गळ्यात गळे घालायला लावतात, ‘ड्यू डेट’ही लावतो. मामाचं आणि तात्यांचं तसं काही झालं नाही. परतीच्या गाडीत तात्या नारायणगावला उतरतो म्हणाले. तमाशातल्या विठाबाईंचं गाव, जत्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात. आजोबा आणि ते दर साल जायचे.

“सुतकात तमाशा?” मामा.

“मी कुठं बसतोय कनातीत? कुठला फड कितीला ठरला तेवढं विचारून येतो.”

दिवसकार्याला तात्या आले ते थेट मामासमोर जाऊन बसले. कुठल्या फडाला किती भाव आला, कोणत्या गावानं कुणाला धरलं, ढोलकीला यंदा कोण आहे, सगळं बैजवार. मामानं जन्मात तमाशा बघितला नव्हता. तो पानावरचा भात कालवत शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मग विचारलं, “मीनेला पाणी किती होतं?”

“पाणी?” तात्या ओरडले. “वर धरण बांधून अडवलं कुणी, आम्ही?”