हातगुण

पनवेल,
मार्च २०२६

चि. बाय,



परवा तुझा फोन झाला, त्यानंतर दोन दिवस तोच विचार डोक्यात आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही, समोरचा गप्प झाला की मी घाईने काहीतरी बोलून मोकळा होतो. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, आईलाही वाचून दाखव.

बेलापूरची नोकरी सुटून तुला चार महिने झाले. आता आईच्या मसाल्याचा धंदा करायचा म्हणतेस. पन्नास हजार रुपये मागितलेस आणि शेवटी हळूच विचारलंस, "मामा, मला जमेल का? कुणी तरी खरं सांगायला हवं." मी खरं सांगायचा प्रयत्न करतो.

मागच्या रविवारी तुमच्या गच्चीवर आलो होतो. चादरीवर मिरच्या पसरल्या होत्या, वरून विमान गेलं आणि आईने सवयीने वर पाहिलं. आपल्या जुन्या घराची जागा आता त्या धावपट्टीच्या बाजूला कुठेतरी आहे. विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यात आपलं एक. ती परत मिरच्या चाळवायला लागली. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, मग धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, हळकुंड. सगळं मुठीने, चिमटीने, वासाने. किती घेतेस असं विचारलं तर म्हणते, "अंदाजाने." तिचा तो अंदाज चाळीस वर्षांत चुकलेला नाही. पण गेल्या वर्षी तू स्वतः दुसरा घाणा कुटून आणलास आणि कामोठ्याच्या गिऱ्हाईक बाईंनी फोन करून सांगितलं की पहिल्यासारखी चव नाही. तू रडलीस. मला वाटतं तुझा धंदा खरा त्या दिवशी सुरू झाला, कारण त्या दिवशी तुला कळलं की तुझ्याकडे अजून मसाला नाही. मसाला आईच्या हातात आहे.

याला आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, हातगुण. वैद्याला हातगुण असतो, स्वयंपाकिणीला असतो, गवंड्यालाही असतो. हातगुणावर माणसाचं नाव होतं. पण तो हात गेला की ते नावही जातं.

आपल्या पनवेलमध्ये याचं उत्तर एका वैद्याने फार पूर्वी शोधलं. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये इथे आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला आणि राजापूरजवळच्या महादेवाचं नाव त्याला दिलं, श्री धूतपापेश्वर. त्या पाटीवरून तू शाळेत असताना शेकडो वेळा गेली असशील. थांबून विचार कर. त्या काळी वैद्य आपल्या रोग्यापुरतं औषध घरी करायचा. नाडी तोच बघायचा, काढा तोच उकळायचा, पुडी तोच बांधायचा. औषध आणि वैद्य वेगळे नव्हतेच. कारखाना काढायचा म्हणजे त्या दोघांना वेगळं करायचं. जो रोगी आपण कधी पाहणार नाही, त्याच्यासाठी औषध करायचं. जो वैद्य आपल्याला ओळखत नाही, त्याने डोळे मिटून ते द्यावं इतकं ते दर वेळी सारखं निघायला हवं.

बाहेरून हे यंत्रांचं काम वाटतं, पण अवघड भाग माणसाच्या आत असतो. आरोग्यवर्धिनीला कडुनिंबाच्या पानांच्या रसाची भावना देतात, म्हणजे चूर्ण त्या रसात भिजवून पुन्हा पुन्हा खलायचं. भस्माला पुटं, म्हणजे ठरावीक आच, द्यायची असतात, किती आणि कशी हे ग्रंथात लिहिलेलं असतं. एकटा वैद्य मनात आलं तर एखादं पुट कमी देईल आणि वर आपल्या अनुभवाने सांभाळून घेईल. कारखान्यात ती मोकळीक राहत नाही. "मला कळतं" हे म्हणणं सोडून "हे असं लिहिलेलं आहे आणि ते रोज तसंच होईल" असं म्हणावं लागतं. स्वतःच्या हाताचा अभिमान असलेल्या माणसाला हे किती जड जात असेल, याची मला कल्पना आहे. दीडशे वर्षं उलटली, तो पहिला हात केव्हाच गेला, आणि औषधं अजून निघतात.

दुसरं उदाहरण गिरगावचं. १९५९ च्या मार्चमध्ये सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच लिज्जत. पुढे हजारो घरांत पापड लाटले जाऊ लागले, पण पीठ घरोघरी मळलं जात नाही. ते केंद्रावर मळलेलं मिळतं, बायका घरी नेऊन लाटतात आणि परत आणलेला पापड तपासून घेतला जातो. चवीचा भाग एका ठिकाणी बांधून ठेवला आणि मेहनतीचा भाग वाटून दिला. म्हणून इतक्या हातांतूनही पापड एकच राहिला.

आता माझं सांगतो. हे मी तुझ्या आईशिवाय कुणाशी बोललेलो नाही.

माझं हार्डवेअरचं दुकान तू भरलेलंच पाहिलंस. १९९८ मध्ये लोकल बेलापूरहून पनवेलपर्यंत आली आणि नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, जिकडे बघावं तिकडे इमारती. खिळे, बिजागऱ्या, पाइप, जे मागवीन ते संपायचं. ठेकेदारांना उधारीवर माल द्यायचो. कुणाला किती दिलं हे डोक्यात असायचं आणि मला माझ्या डोक्याचा फार अभिमान होता. घरी पाहुणे आले की गल्ल्यात हात. लग्नाचा आहेर, गल्ल्यातून. गावच्या जत्रेची वर्गणी सगळ्यांत मोठी माझी, तीही गल्ल्यातून. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्या आणायचो, हळदकुंकू वाहायचो, पहिल्या पानावर श्री लिहायचो. पुढची पानं कोरी राहायची.

एका पावसाळ्यात मुंबईच्या व्यापाऱ्याने माल थांबवला. मी चिडलो. मी तेव्हा सगळ्यांवर चिडत असे. तुझी आई आठ दिवस माहेरी आली होती. रात्री जेवणं झाल्यावर तिने एक वही घेतली आणि म्हणाली, "दादा, तू बोल, मी लिहिते." तीन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री बेरीज झाली तेव्हा कळलं की ज्याला मी नफा समजत होतो तो त्या व्यापाऱ्याचा पैसा होता. आहेर त्याचा, वर्गणी त्याची, आणि मोठेपणा माझा. ती मला एक शब्द बोलली नाही. वही मिटून माझ्यासमोर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन गोष्टी केल्या. दुकान बंद करायच्या आधी रोजमेळ लिहायला लागलो, एकही दिवस न चुकता. आणि स्वतःला पगार ठरवला. महिन्याच्या एक तारखेला माझ्याच गल्ल्यातून मोजून पैसे घेऊन वहीत सही केली, तेव्हा लाजेने कान तापले. मालकाने नोकरासारखी सही करायची! वर्षभर ती सही मला टोचली. मग एक दिवस लक्षात आलं की मी ठेकेदारांवर ओरडणं बंद केलं आहे. मी दयाळू झालो होतो असं नाही. कुणाकडे किती येणं आहे हे कागदावर असल्यामुळे आवाज चढवायची गरजच उरली नव्हती. कर्ज फिटायला चार वर्षं लागली. लोक म्हणतात, माणूस बदलला की त्याचा धंदा बदलतो. माझ्या बाबतीत रोजची दहा मिनिटं बदलली, आणि त्यांच्यामागून मी बदलत गेलो.

म्हणून बाय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देताना मी तुझी हुशारी बघत नाही. ती आहेच. तू आणि तुझा धंदा या दोघांमध्ये तुला अंतर ठेवता येईल का, एवढंच मी बघतो. तुझं मन उदास असेल त्या दिवशीही मसाला तोच निघाला पाहिजे. तुझ्या घरात अडचण असेल तेव्हाही गल्ला गल्लाच राहिला पाहिजे.

आणि हे लिहून ठेवणं आपल्या माणसांनी तर शिकलंच पाहिजे. पनवेलवर काळ किती वेळा फिरला आहे बघ. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. मुंबईचा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून गाडीने पुण्याला जायचा. इथले सुतार बैलगाड्यांची चाकं करत, दख्खनच्या रस्त्यावर दूरवरच्या गाड्यांना पनवेलचं चाक असे. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, तीही कर्जतच्या बाजूने, आणि ती वर्दळ दुसरीकडे वळली. पुढे १९७० मध्ये सिडको आली आणि भातशेती, मिठागरं गेली. १९८४ मध्ये जासई-दास्तानला जमिनीच्या लढ्यात आपली पाच माणसं गोळीबारात गेली, दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. ती लढाई न्यायाची होती. पण एक गोष्ट कुठल्याच मोबदल्यात लिहिलेली नव्हती. शेतीबरोबर आपल्या बापाचं हुन्नर गेलं. पाणी कधी सोडायचं, खाडीचा बांध कुठे फुटेल, हे ज्ञान त्याच्या अंगात होतं आणि कुणी कुठे लिहून ठेवलं नाही. जमिनीचे पैसे आले, त्या हुन्नराचे कोण देणार होतं? आईचा मसाला हे आपल्या घरात उरलेलं शेवटचं हुन्नर आहे. तेही अंदाजाने निघून जाऊ देऊ नकोस.

आता काय करायचं ते सांगतो. एफएसएसएआयची नोंदणी आधी कर, तो चौदा आकडी नंबर पाकिटावर हवा. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नकोस. बँकेत धंद्याचं वेगळं खातं उघड. मिरची वाळल्यावर आणि देठं काढल्यावर तोल, ओल्या वजनावर हिशेब केलास तर पहिल्याच घाण्यात फसशील. किंमत काढताना डंकाची मजुरी, पिशवी, रिक्षाभाडं धर, आणि आईची मजुरीही धर. ती नको म्हणेल. तरी धर. जी मजुरी आज धरली जात नाही, ती उद्या दुसऱ्या बाईला द्यायची वेळ आली की धंदा बसतो. यंदा पावसाच्या आत दोनच घाणे काढ, एक आईच्या हातचा आणि एक, आईची मापं वहीत लिहून ती बघून, तुझ्या हातचा. दोन्ही पाकिटं कामोठ्याच्या त्या बाईंना दे, कोणतं कुणाचं ते सांगू नकोस. त्यांना फरक कळला नाही तर पुढे जायचं.

पन्नास हजारांतले वीस मी देतो. उसने देतो, वहीत लिही. बाकीचे त्या चाचणीनंतर बँकेकडे माग. मुद्रा योजनेत शिशु गटाला पन्नास हजारांपर्यंत तारण लागत नाही, आणि तोवर दाखवायला तुझ्याकडे हिशेबाची वही असेल.

येत्या रविवारी सकाळी येतो. ग्रॅमचा काटा घेऊन येतो, आज बाजारातून आणला. आईला सांग, नेहमीसारखीच मूठ भर, फक्त कढईत टाकायच्या आधी काट्यावर ठेव. ती मूठ उघडेल, मी आकडा वाचीन, तू लिही. मागे तिने माझ्यासाठी तीन रात्री लिहिलं होतं. या वेळी तिच्यासाठी आपण लिहू.

तुझा,
मामा